आधी रिकामा काटा

२ सप्टेंबर, सोमवार

आज पुन्हा एकोणसत्तर. सतरा दिवस झाले, काटा तिथेच ठाण मांडून बसलाय.

ही वही मी शाळेच्या टाचणांसाठी आणली होती. पण जे कुणाशी बोलता येत नाही ते कुठेतरी ठेवायला हवं, म्हणून टाचणं आता दुसऱ्या वहीत.

मुलींना सांगते तसं आधी दिलेली माहिती मांडते. आप्पांचं यकृत निकामी होत आलंय. दारूला त्यांनी जन्मात हात लावला नाही, तरी गल्लीत त्याबद्दल दोन मतं आहेत. जवळच्या कुणी आपल्या यकृताचा तुकडा दिला तर ते वाचतील, असं मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. देणाऱ्याचं उरलेलं यकृत काही आठवड्यांत पुन्हा वाढतं. आईचा रक्तगट जुळत नाही, आत्याला मधुमेह आहे. उरले मी. माझं सगळं जुळलं, पण यकृतावर चरबी निघाली. तेव्हा मी अठ्ठ्याहत्तर किलोची होते. डॉक्टर म्हणाले, "सहासष्टवर या, मग पुन्हा तपासू."

नऊ किलो उतरवले. तीनच राहिलेत आणि ते हलायचं नाव घेत नाहीत.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे आप्पांचं दुकान. ते वजनकाटे दुरुस्त करतात. खोलीच्या मधोमध त्यांचा स्वतःचा मोठा काटा आहे: खाली लोखंडी फळी, वर आडवी दांडी, दांडीवर सरकणारं वजन, आणि दांडी हलू नये म्हणून एक खिट्टी. रोज सकाळी मी त्याच्यावर उभी राहते. आप्पा इतके आजारी, पाय सुजलेले, डोळे पिवळे, तरी माझ्याआधी उठून काटा पुसून ठेवतात. "शून्य बघितलंय, चढ," म्हणतात. मी चढले की खिट्टी काढतात आणि वजन सरकवतात. लहानपणी अक्षरांच्याही आधी त्यांनी मला एक गोष्ट शिकवली होती: आधी रिकामा काटा बघायचा, मग माल ठेवायचा. आता मीच माल.

इस्पितळ बसने सहा तासांवर, म्हणून दर सोमवारी तिथल्या सिस्टरना फोनवर आकडा कळवायचा. आज कळवला. त्या म्हणाल्या, "शरीर असं मध्येच अडून बसतं, घाबरू नका. पण उपाशी राहायचं नाही बरं का. उपाशी माणसाकडून आम्ही काही घेत नाही."

मी म्हटलं, नाही राहत.

आज संध्याकाळी जेवले नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

एकोणसत्तर आणि वर दोनशे ग्रॅम.

एक गोष्ट लिहायची आहे. लिहून फाडणार नाही असं आधीच ठरवलंय.

सकाळी काट्यावर असताना दांडी थरथरते आणि मग स्थिर होते. ती जुन्याच आकड्यावर स्थिर झाली, की माझ्या आत कुणीतरी सुटकेचा श्वास सोडतं. क्षणभरच. मग लाज वाटते. पण आधी बरं वाटतं, हे खरं आहे. काटा हलला नाही म्हणजे आज तरी तारीख ठरणार नाही. आज तरी कुणी मला त्या टेबलावर झोपवणार नाही.

आप्पांचा जीव जातोय आणि त्यांच्या मुलीला आकडा अडल्याचा आनंद होतो. या घरातली मी पहिली पदवीधर. पदवीदानाच्या दिवशी आप्पांनी माझा काळा झगा स्वतः अंगावर चढवून आरशात पाहिलं होतं आणि म्हणाले होते, "खांद्यात जरा भारी आहे." आज तेच वाटतंय.

९ सप्टेंबर, सोमवार

अडुसष्ट आणि आठशे. सिस्टरना सांगितलं, त्या म्हणाल्या छान. दोनशे ग्रॅम म्हणजे एक पेलाभर पाणी, हे त्यांनाही कळतं आणि मलाही.

घड्याळाच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. पट्टा जुना आहे, ताणला गेला असेल.

१४ सप्टेंबर, शनिवार

परत एकोणसत्तर. रोज शाळेत चालत जाते आणि चालत येते, शिवाय सकाळी टेकडीवर. भाज्या उकडून खाते, त्याही अर्ध्याच. हे अंकगणितात बसत नाही. येतं त्यापेक्षा जातं जास्त, तर उरायला हवं कमी. मग हे तीन किलो कुठून येतात?

आई शिवणकाम करते. आज माझा निळा ड्रेस तिने दोन्ही कडांनी आत घेतला. महिन्याभरात दुसऱ्यांदा. कंबरेला टेप लावून बराच वेळ आकड्यावर बोट ठेवून उभी राहिली.

"टेप म्हणते उतरलीस," ती म्हणाली.

"काटा नाही म्हणत."

"कापडाला काय कळतं काट्याचं."

"आई, टेप कापडी असते. ताणते ती. काटा लोखंडाचा आहे आणि आप्पांचा आहे."

तिने दाताने दोरा तोडला आणि कापलेल्या चिंध्या पिशवीत भरल्या.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आत्या येऊन गेली. दारातूनच म्हणाली, "अगं, ही कोण? काठीला कपडे घालून उभी केलीय की काय?"

मी म्हटलं, "आत्या, एकोणसत्तर आहे अजून."

"हाडंच जड असतील मग. आमच्या घराण्यात अकला जड असतात असं ऐकलं होतं."

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. ताट तसंच ठेवून पुढच्या खोलीत गेले आणि खुर्चीवर बसून काट्याकडे बघत राहिले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही. पोरी, एखादं अंडं खात जा."

"सहासष्ट झाले की खाईन."

त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या बोटांची टोकं काळसर राखाडी दिसली. आधी पिवळेपणा होता, आता हे नवीन. सोमवारी सिस्टरना विचारायचं.

२३ सप्टेंबर, सोमवार

सिस्टर म्हणाल्या की बोटं राखाडी होणं हे या आजाराचं लक्षण नाही. मग कशाचं आहे? त्या म्हणाल्या, "हात धुवायला सांगा आधी." चेष्टेने म्हणाल्या, पण मला हसू आलं नाही.

एकोणसत्तर.

सातवीला आज मापनाचा धडा घेतला. फळ्यावर लिहिलं: एका साधनावर विसंबू नये, दुसऱ्याने पडताळावं. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "बाई, आणि दोन्ही खोटं बोलत असतील तर?" मी म्हटलं, तिसऱ्याने. ती म्हणाली, "म्हणजे शेवटी कुणाला तरी मत द्यायचंच." वर्ग हसला. फळा पुसताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी डस्टर घेऊन खाली बसले. मुलींना सांगितलं, खडू पडला.

१ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी आप्पा उठलेच नाहीत. जागे होते, पण डोळे कुठेतरी भलतीकडेच. मला "ताई" म्हणाले. त्यांना वाटलं, मी आत्या आहे. माझा हात घट्ट धरून एकच सांगत होते, "शिसं काढ. ताई, त्यातलं शिसं काढ. फार झालं." मी म्हटलं, हो आप्पा, काढते. दुकानाच्या वजनांच्या बुडाला भोक असतं, त्यात शिसं भरून वजन बरोबर करतात आणि वरून शिक्का मारतात. तीस वर्षं ते हेच करत आलेत. तेच डोक्यात फिरत असणार.

इथल्या डॉक्टरांनी औषध दिलं. दुपारनंतर माणसात आले. यकृत काम करत नाही तेव्हा विष मेंदूत चढतं, हे मला वाचून माहीत होतं. वाचणं वेगळं.

सिस्टरना फोन केला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू झाला. म्हणाल्या, "हे व्हायला लागलं म्हणजे आता फार वेळ नाही. तुमचं वजन काय आज?"

आज काटाच झाला नव्हता. मी म्हटलं, अडुसष्ट. मला वाटतं, आयुष्यात मी पहिल्यांदाच वजन खोटं सांगितलं.

आजपासून दुपारचा डबाही बंद.

६ ऑक्टोबर, रविवार

एकोणसत्तर. आप्पा पुन्हा माझ्याआधी उठायला लागलेत. सकाळी अर्धवट झोपेत पुढच्या खोलीतून लोखंडाचा बारीक आवाज येतो. आज मी हाक मारली, "आप्पा, मी पुसते ना काटा." ते घाईने म्हणाले, "नको, तू नको येऊस. माझं काम आहे."

एवढं एकच काम उरलंय त्यांच्याकडे. म्हणून मी हट्ट केला नाही.

आता भीती दोन प्रकारची झालीय. आधी वाटायचं, काटा उतरला तर मला कापतील. आता वाटतं, तो उतरणारच नाही. आप्पा डोळ्यांसमोर जातील आणि मी एकोणसत्तर किलोची जिवंत उरेन. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मनात येतं की माझ्या शरीराला माझी भीती कळली असावी. तेच धरून बसलंय ते तीन किलो. मी विज्ञान शिकवते, असलं काही नसतं, हे मला माहीत आहे. तरी.

१० ऑक्टोबर, गुरुवार

शाळेत आरोग्य तपासणी होती. मोठ्या बाईंनी मुलींची वजनं घ्यायचं काम माझ्याकडे दिलं. "काटेवाल्याची लेक असताना दुसऱ्या कुणाला कशाला सांगू?"

शाळेचा काटा गोल तबकडीचा, उभं राहायचा. चाळीस मुली ओळीने चढल्या आणि उतरल्या. शेवटी मुली मागे लागल्या, "बाई, तुम्ही पण चढा." मी नको म्हणत होते. वर्गात एक अगदी बारकी आहे, सगळे तिला चिमणी म्हणतात. ती म्हणाली, "बाई, आम्ही लाजलो का?"

चढले. त्रेसष्ट.

क्षणभर कान बंद झाल्यासारखे झाले. मग लक्षात आलं, काटा बिघडलाय. सकाळीच घरी एकोणसत्तर भरले होते. सहा किलोचा फरक. किती दिवस हे यंत्र असं कमी दाखवत असेल कुणास ठाऊक, आणि कुणी बघितलंही नाही. मला सगळ्या शाळेचाच राग आला.

सुट्टीत बसून नोंदवहीत चाळीसही मुलींच्या वजनात सहा-सहा मिळवले आणि पक्कं लिहून मोठ्या बाईंकडे दिलं. तिसाच्या आतल्या मुलींना शाळेतून रोज दूध आणि फळ मिळणार आहे. चिमणी सत्तावीस होती, तेहतीस झाली. तिचं नाव यादीत आलं नाही. बरं वाटलं, म्हटलं दिसते तेवढी अशक्त नाही पोर.

काटा रिक्षात घालून घरी आणला. आप्पांना म्हटलं, "दुरुस्तीला आणलाय. सहा किलो कमी दाखवतो."

आप्पांनी विचारलं, "कसं कळलं?"

"मी उभी राहिले ना त्याच्यावर."

ते त्या काट्याकडे बघत राहिले. म्हणाले, "उद्या बघू. आज दमलोय."

११ ऑक्टोबर, शुक्रवार

जसं घडलं तसं लिहिते. एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही.

शाळेतून आले तेव्हा आप्पा शाळेच्या काट्यापुढे स्टुलावर बसले होते. शेजारी त्यांची शिक्क्याची वजनं, वीस-वीस किलोची तीन, लाल कापडावर. "उचलवत नाहीत," म्हणाले. "तू ठेव. आधी रिकामा बघ."

रिकामा काटा शून्यावर होता. मी पहिलं वजन ठेवलं. काटा विसावर. दुसरं ठेवलं. चाळीस. तिसरं ठेवलं. साठ, केसभरही इकडेतिकडे नाही.

मी म्हटलं, "मग साठाच्या वर बिघडत असेल."

मी पुन्हा म्हटलं, "होतं ना असं? स्प्रिंग थकली की वरच्या वजनाला..."

"त्या पोरींची वजनं काय लिहिलीस?"

"सहा मिळवून."

"सगळ्यांच्या?"

"चाळीसच्या चाळीस. पक्की केली. एक सत्तावीसची होती, ती तेहतीस केली. तिचं दूध वाचलं शाळेचं."

आप्पांनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा असा मी एकदाच पाहिलाय. मी लहान होते. एका व्यापाऱ्याने त्यांना पन्नास ग्रॅमचा फरक काट्यात घालून द्या म्हणून सांगितलं, तेव्हा आप्पांनी हत्यारांची पेटी उचलली होती आणि समोर आलेला चहा तसाच ठेवून माझा हात धरून बाहेर पडले होते.

"हा काटा बरोबर आहे," ते म्हणाले. "आपल्या काट्याची फळी उचल."

मला कळेना. "कशाला?"

"उचल, बाळ."

उचलली. खाली शिशाचे तुकडे होते. एकेक पेढीच्या कुलपाएवढा, तारेने एकमेकांना बांधलेले, आणि वाजू नयेत म्हणून चिंध्यांमध्ये गुंडाळलेले. बारा. प्रत्येक अर्ध्या किलोचा असणार, हे मोजून बघावं लागलं नाही. बारा अर्धे सहा. एकोणसत्तरनंतर मी उतरवलेलं सगळं तिथे होतं, एकही ग्रॅम वाया गेला नव्हता.

"मी अर्धा किलो उतरले की तुम्ही एक तुकडा ठेवायचात," मी म्हटलं. आवाज माझाच, पण लांबून येत होता. "आणि मी चढेपर्यंत खिट्टी, रिकामी दांडी मला दिसू नये म्हणून."

"हो."

"मी जेवत नव्हते, आप्पा."

"मला वाटलं, कंटाळशील. दहा-पंधरा दिवस काटा हलला नाही की माणसं सोडून देतात. सगळी सोडून देतात. मग कुणाचा दोष नाही, तुझा नाही, माझा नाही. तुझं वजन उतरलं नाही, एवढंच. तू सोडणारी नाहीस हे मला कळायला हवं होतं. कळलं तेव्हा काढवेना. काढलं असतं तर एका सकाळी तू एकदम पाच-सहा किलोंनी उतरली असतीस. काय सांगणार होतो?"

"पण का?"

"ज्या दिवशी एकोणसत्तर झालं, तू म्हणालीस, 'आता तीनच राहिले.' तोंडाने हसत होतीस. हात मात्र दांडीला असा धरला होतास की बोटं पांढरी झाली होती. पुढचा अर्धा किलो उतरत आला तेव्हा मी पहिला तुकडा ठेवला. काटा हलला नाही. आणि तू श्वास सोडलास. तीस वर्षं मी लोकांच्या काट्यासमोर बसलोय, पोरी. कमी भरलं की माणूस कसा श्वास घेतो आणि बरोबर भरलं की कसा सोडतो, मला बघावं लागत नाही."

या वहीतलं पाच तारखेचं पान त्यांनी वाचलेलं नाही, याची मला खात्री आहे. वाचायची गरज नव्हती.

मी रागाने काय काय बोलले. सहासष्ट कधीच होऊन गेले होते. महिना गेला होता. त्या महिन्यात ते मला ओळखेनासे झाले होते. "तुम्ही मला वाचवत नव्हतात," मी म्हटलं, "आपल्या दोघांनाही मारत होतात." ते ऐकत राहिले. मग मी खाली फरशीवर बसले आणि जे कधी कुणाला म्हटलं नाही ते म्हटलं.

"मला भीती वाटते."

"माहीत आहे."

"नाही, ऐका. मला भीती वाटते आणि मला ते करायचंय. दोन्ही आहे. एक आहे म्हणून दुसरं नाही असं नाही. तुम्ही एकच मोजलंत."

आप्पा म्हणाले, "चुकलं."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही. शिसं ज्यात गुंडाळलं होतं त्या चिंध्या मी उलगडल्या. निळ्या होत्या, माझ्याच ड्रेसच्या कडा. चिंध्यांची पिशवी काय, कुणीही उघडू शकतं. आई आत गेली आणि ताटात भात, भाजी आणि दोन अंडी घेऊन आली. माझ्यापुढे ठेवलं. तिचा हात माझ्या डोक्यावर होता आणि ती आप्पांकडे बघत नव्हती. कुणाकडेच बघत नव्हती.

१२ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी आधी मोठ्या बाईंच्या घरी गेले. नोंदवही परत मागितली. त्या म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, "काटा बरोबर होता, मी चुकले." चाळीस नावांपुढचे आकडे खोडून खरे लिहिले आणि प्रत्येक खोडीशेजारी सही केली. चिमणी सत्तावीस. यादीत तिचं नाव पहिलं.

मोठ्या बाई बघत होत्या. म्हणाल्या, "तुमचं काय वजन आहे हो?"

"त्रेसष्ट."

"दिसतंय," त्या म्हणाल्या आणि मला बिस्किटं दिली. तीन खाल्ली.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सिस्टरना सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "मी सतरा वर्षं या कामात आहे. देणाऱ्यांनी आकडे कमी सांगितलेले मला माहीत आहेत. घेणाऱ्याने वाढवलेला हा पहिलाच." आणि मग, "उद्याच्या बसने या. दोघंही."

१७ ऑक्टोबर, गुरुवार

यकृतावरची चरबी गेलीय. पण रक्तात ताकद नाही. डॉक्टर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "तुम्ही शेवटी शेवटी चरबी नाही, स्वतःला जाळत होता. अशा अवस्थेत मी तुम्हाला हात लावणार नाही. चार आठवडे व्यवस्थित जेवा. सगळं खा, आमची आहारतज्ज्ञ सांगेल तसं."

"आणि आप्पा चार आठवडे...?"

"औषधांनी टिकवायचा प्रयत्न करू."

प्रयत्न हा शब्द घेऊन आम्ही सहा तास बसमध्ये बसलो. आप्पा खिडकीशी. मध्ये एकदा म्हणाले, "माझ्या शिशाचे चार आठवडे." मी त्यांचा हात धरला. बोटं आता स्वच्छ होती.

७ नोव्हेंबर, गुरुवार

जेवणं हे इतकं भीतीचं काम असेल असं वाटलं नव्हतं. प्रत्येक घासाला वाटतं, सहासष्ट ओलांडलं तर? आई समोर बसते. ताट रिकामं होईपर्यंत उठत नाही. रोज सकाळी फळी मी उचलून बघते, रिकामी दांडी मी बघते, मग चढते. आप्पा लांब खुर्चीवर. खिट्टीला हात लावत नाहीत. आज पासष्ट.

काल त्यांना पुन्हा तासभर कुणी ओळखू आलं नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

इस्पितळात दाखल झालो. सोमवारची तारीख मिळाली.

आज एका डॉक्टर बाईंनी मला एकटीला बोलावलं. दार लावून घेतलं. त्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांपैकी नाहीत, फक्त माझ्याशी बोलायला आहेत, असं म्हणाल्या. विचारलं, "घरून काही दबाव आहे?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "अजूनही मागे फिरता येईल. अगदी सोमवारी सकाळीही. तसं झालं तर तुमच्या घरच्यांना आम्ही एवढंच सांगू की वैद्यकीय कारणाने जमत नाही. खरं कारण या खोलीबाहेर जाणार नाही."

म्हणजे हेच. कुणाचा दोष नाही, वजन उतरलं नाही एवढंच. इथे ते एका मोठ्या खुर्चीत बसून, कागदावर नियम करून देतात. आमच्याकडे एका आजारी माणसाने ते पहाटे उठून अर्धा-अर्धा किलो जमवलं होतं.

मला तिथेच रडू आलं. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. "भीती वाटतेय का?"

"खूप."

"मग काय ठरवलंय?"

"मी येणार आहे. हे मला आधीही एकाने देऊ केलं होतं. त्यालाही मी नाहीच म्हटलं."

त्यांना ते कळलं नसावं. सही कुठे करायची ते त्यांनी दाखवलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सकाळचे सहा. वही थोड्या वेळाने आईकडे द्यायची आहे.

आप्पांची खाट आणि माझी खाट यांच्यामध्ये एक पडदा आहे. तो त्यांनी बाजूला सारायला लावला. रात्रभर मला झोप नव्हती आणि त्यांनाही. आई दोन्ही खाटांच्या मधल्या स्टुलावर बसली होती, एक हात इकडे, एक हात तिकडे, आणि मान कुठल्याच बाजूला नाही.

आत्ता सिस्टर आल्या, फोनवरच्या त्याच. प्रत्यक्षात फारच बुटक्या आहेत. चाकांचा एक काटा ढकलत आणला, भूल देण्याआधी वजन लागतं म्हणून. माझ्या खाटेजवळ लावला. "चला, चढा."

मी खाली उतरले. पाय थंड पडले होते. आईने दंड धरला. काट्यावर पाय ठेवणार तेवढ्यात पलीकडून आवाज आला. जड, ओढलेला, पण आप्पांचाच.

"आधी..."

पुढचं त्यांना बोलवेना. सिस्टर गोंधळून त्यांच्याकडे वळल्या. "काय हवंय, काका?"

मी म्हटलं, "त्यांना काही नको आहे. मला एक मिनिट द्या."

वाकले. आकड्यांची पट्टी बघितली, खाली हात घालून बघितलं. आप्पा उशीवरून मान उचलून माझ्याकडे बघत होते.

"शून्य आहे, आप्पा," मी म्हटलं.

त्यांनी श्वास सोडला.

मग मी चढले.